वांझपणाची दुसरी बाजू

मराठीत ‘वांझ’ हा शब्द बाईसाठी आहे. गाय वांझ निघते, बाई वांझोटी ठरते. पुरुषासाठी असाच सरळ शब्द शोधू लागलो, तर ‘नपुंसक’ आणि ‘षंढ’ हे शब्द पुढे येतात. पण त्यांचा अर्थ निराळा आहे. जो शरीरसंबंधाला असमर्थ आहे त्याला ते लावतात. ज्याचे सांसारिक आयुष्य सुरळीत चालले आहे, ज्याच्या पुरुषपणात बाहेरून काही उणे दिसत नाही, आणि तरीही ज्याच्यापासून मूल होऊ शकत नाही, त्याच्यासाठी बोलीत शब्दच नाही. ‘पुरुष-वंध्यत्व’ हा अलीकडचा, पुस्तकी शब्द. अशी माणसे पूर्वी नव्हती असे मुळीच नाही. त्यांना ओळखण्याचे साधन नव्हते, एवढेच.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत कारण पुरुषाकडे असते. कधी एकट्या त्याच्याकडे, तर कधी त्याच्या आणि पत्नीच्या अशा दोघांकडे. आज ही गोष्ट वैद्यकाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. तिथपर्यंत पोचायला मात्र तीनशे वर्षे लागली, आणि या तीनशे वर्षांत एक प्रकार पुन्हा पुन्हा घडलेला दिसतो. तपासणी आधी पत्नीची झाली, पतीची सर्वांत शेवटी.

प्राचीनांना पुरुषाच्या बाजूची अजिबात कल्पना नव्हती असे म्हणता येत नाही. चरकसंहितेत शुक्राचे आठ दोष सांगितले आहेत. ते फेसाळ, पातळ, रुक्ष, रंग बदललेले, दुर्गंधी, बुळबुळीत वगैरे असू शकते, असे ते वर्णन आहे. निरीक्षण चांगले आहे, पण ते डोळ्यांनी दिसेल एवढ्यापुरतेच आहे. अडचण अशी की वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा आकारमानाने शेकडा दोन ते पाच इतकाच असतो. बाकीचा द्रव वीर्यकोश आणि पुरःस्थ ग्रंथी यांतून येतो. त्यामुळे एकही शुक्रजंतू नसलेले वीर्य नेहमीच्या वीर्यासारखेच दिसते. नसबंदी झालेल्या पुरुषाला काही फरक जाणवत नाही, याचे कारण हेच.

तेव्हा सूक्ष्मदर्शकाची वाट पाहणे भाग होते. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी अँटोनी व्हान लेव्हेनहूक हा स्वतः घासलेल्या भिंगांतून पावसाचे पाणी, दातांवरचा मळ, जे हाती येईल ते पाहत असे. १६७७ साली लायडेनचा योहान हॅम नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी त्याच्याकडे एक कुपी घेऊन आला. तीत परमा झालेल्या एका माणसाचे वीर्य होते. त्यात शेपटी असलेले जिवंत प्राणी वळवळत होते, आणि रोगाने द्रव कुजल्यामुळे ते निर्माण झाले असावेत असे हॅमला वाटत होते. लेव्हेनहूकने निरोगी माणसाचे, म्हणजे स्वतःचेच वीर्य तपासले. नाडीचे सहा ठोके पडण्याच्या आत ते भिंगाखाली नेले आणि त्यातही तेच प्राणी पाहिले. असे दहा लाख प्राणी एकत्र केले तरी वाळूच्या मोठ्या कणाएवढे भरणार नाहीत, असा त्याचा अंदाज होता.

रॉयल सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड ब्रुंकर यांना त्याने हे पत्राने कळवले. पत्र वाचताना त्याचा संकोच जाणवतो. नमुना कोणतेही पाप करून मिळवलेला नाही, पतिपत्नीच्या संबंधातून जे उरले तेच पाहिले, असा खुलासा तो करतो. आणि विद्वानांना हा मजकूर किळसवाणा वाटला तर खुशाल दडपून टाकावा, असेही सुचवतो. पत्र दडपले गेले नाही. १६७९ साली ते लॅटिनमध्ये छापले गेले.

इथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली गेलेला तो पहिला नमुना परमा झालेल्या माणसाचा होता, आणि परमा हे पुरुष-वंध्यत्वाचे एक मोठे कारण आहे. हॅम किंवा लेव्हेनहूक यांना हा संबंध कळणे शक्यच नव्हते. त्यांना दिसले ते ‘प्राणी’. पुढे दीडशे वर्षे बहुतेकांनी त्यांना वीर्यात राहणारे परोपजीवी मानले. १८२७ साली फॉन बेअरने त्यांना दिलेले ‘स्पर्मॅटोझोआ’ हे नावही ‘वीर्यातील प्राणी’ अशाच अर्थाचे आहे. आपण मराठीत ‘शुक्रजंतू’ म्हणतो, त्यातल्या ‘जंतू’मध्येही तीच जुनी समजूत जपली गेली आहे. वास्तविक ती शरीराचीच एक पेशी. पण शब्द रुळला आहे, म्हणून आम्हीही तोच वापरत आहोत.

हे ‘प्राणी’ गर्भधारणेला लागतात की नाही, हा खरा प्रश्न होता. इटलीतील स्पालान्झानी या धर्मोपदेशक-शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यावर केलेले प्रयोग वर्गात सांगण्यासारखे आहेत. त्याने नर बेडकांना तलम रेशमी कापडाच्या चड्ड्या शिवून घातल्या. नरमादी नेहमीप्रमाणे एकत्र आले, मादीने अंडी घातली, पण ती कुजून गेली. मग चड्डीला लागलेले थेंब त्याने दुसऱ्या अंड्यांना फासले. त्यांतून बेडूकमाशा झाल्या. पुढे त्याने वीर्य कागदांतून गाळले. गाळून खाली आलेल्या पाण्याने अंडी फळली नाहीत. कागदावर उरलेला गाळ पाण्यात कालवून लावला तेव्हा फळली. उत्तर हाताशी आले होते. तरी स्पालान्झानी शेवटपर्यंत हेच म्हणत राहिला की प्राण्यांचा यात संबंध नाही, गुण द्रवाचा आहे. प्रयोग बिनचूक आणि निष्कर्ष चुकीचा, याचे इतके स्वच्छ उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच मिळते. १८२४ साली प्रेव्हो आणि द्युमा यांनी गाळण्याचा प्रयोग पुन्हा करून शुक्रजंतूंना त्यांचे श्रेय दिले. १८७६ साली हर्टविगने सागरी अर्चिनच्या अंड्यात नर आणि मादी यांची केंद्रके एक होताना पाहिली, तेव्हा वाद मिटला.

प्रयोगशाळेत बेडकाचे कोडे सुटत होते, तेव्हा दवाखान्यात काय चालले होते? तिथे समज अशी होती की जो पुरुष संबंध करू शकतो तो बापही होऊ शकतो. म्हणून मूल होत नसेल तर बाईची तपासणी, बाईवर शस्त्रक्रिया. अमेरिकेतील जे. मॅरियन सिम्स या शल्यविशारदाने १८६६ च्या आपल्या ग्रंथात या समजुतीला धक्का दिला. संबंधानंतर पत्नीच्या गर्भाशयमुखाजवळचा स्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा आणि त्यात जिवंत शुक्रजंतू आहेत की नाहीत हे आधी ठरवावे, असे त्याचे म्हणणे होते. समव्यवसायिकांनी त्याला नावे ठेवली. सिम्सचे नाव आज वेगळ्याच आणि अधिक गंभीर कारणाने काळवंडले आहे: अलाबामात त्याने गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या होत्या. आणि पुरुषाची तपासणी सुचवतानाही त्याने नमुना घेतला तो स्त्रीच्याच शरीरातून, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१८८४ साली फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजात घडलेला प्रकार तर याहून बोलका आहे. एक व्यापारी आणि त्याची पत्नी मूल होत नाही म्हणून प्राध्यापक पॅनकोस्ट यांच्याकडे आले. पत्नीची कसून तपासणी झाली. दोष आढळला नाही. मग पतीचे वीर्य पाहिले, तर त्यात एकही शुक्रजंतू नव्हता. तरुणपणी त्याला परमा होऊन गेला होता. उपचारांनी काही साधेना, तेव्हा पॅनकोस्ट यांनी आणखी एका तपासणीचे निमित्त करून पत्नीला क्लोरोफॉर्म दिला आणि उपस्थित विद्यार्थ्यांपैकी एकाचे वीर्य तिच्या गर्भाशयात सोडले. तिला मुलगा झाला. पतीला खरी गोष्ट नंतर सांगण्यात आली. पत्नीला कधीच नाही. पतीचीच तशी इच्छा होती. त्या वर्गातील ॲडिसन डेव्हिस हार्ड याने १९०९ साली एका वैद्यकीय मासिकात पत्र लिहिले, तेव्हा हे उजेडात आले. दोष पतीचा निघाल्यावर तो तिच्यापासून लपवण्यासाठी तिच्याच शरीराचा तिच्या नकळत वापर झाला. कृत्रिम रेतनाच्या इतिहासात ही घटना ‘पहिला यशस्वी प्रयोग’ म्हणून नोंदलेली आढळते, याचे आम्हाला नेहमीच आश्चर्य वाटत आले आहे.

परमा आणि वंध्यत्व यांचा दुवा आता जुळू लागला होता. १८७९ साली नाइसरने परम्याचे जंतू शोधले. वृषणात तयार झालेले शुक्रजंतू अधिवृषणात येतात. ही सुमारे सहा मीटर लांबीची, गुंडाळून बोटाच्या पेराएवढ्या जागेत बसवलेली एक बारीक नळी असते. परम्याची सूज ओसरल्यावर ती आतून चिकटते. कारखाना चालू राहतो, रस्ता मात्र बंद होतो. फिलाडेल्फियाच्याच एडवर्ड मार्टिनने १९०२ साली चांदीच्या तारेने टाके घालून शुक्रवाहिनी अडथळ्याच्या अलीकडे जोडली. पुरुषाचे वंध्यत्व पुरुषावर शस्त्रक्रिया करून दूर करण्याचा हा पहिला यशस्वी प्रयत्न.

यानंतर ‘आहेत की नाहीत’ हा प्रश्न मागे पडून ‘किती आहेत’ हा प्रश्न आला. रक्तपेशी मोजायची चौकटी आखलेली काचपट्टी तयारच होती. १९२९ साली मॅकोंबर आणि सँडर्स यांनी तिच्यावर शुक्रजंतू मोजण्याची पद्धत मांडली. १९५१ साली न्यूयॉर्कच्या मॅक्लाउड आणि गोल्ड यांनी ज्यांच्या पत्नी गरोदर होत्या असे एक हजार पुरुष आणि मूल न होणाऱ्या जोडप्यांतील एक हजार पुरुष यांची तुलना केली. दर मिलिलिटरला दोन कोटी हा आकडा तेव्हापासून रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली तो दीड कोटीवर आणला. २०२१ च्या आवृत्तीत तो एक कोटी साठ लाख आहे.

शिक्षक मंडळींत हा विषय निघाला की या आकड्याकडे पस्तीस गुणांच्या रेषेसारखे पाहिले जाते. खाली असला तर नापास. हा गैरसमज आहे. ज्यांच्या पत्नींना वर्षभराच्या आत दिवस गेले अशा पुरुषांची मोजणी केली, आणि त्यांपैकी शेकडा पाच जण ज्या आकड्याच्या खाली होते तो आकडा मर्यादा म्हणून घेतला. म्हणजे मर्यादेखालचे ते पाचही जण बाप झालेलेच होते! उलट आकडा भरपूर असून शुक्रजंतूंची हालचाल मंद असेल तर मूल होणे अवघड जाते.

ही संख्या कमी का होते, हे कळण्यासाठी वृषणाच्या आत डोकावावे लागले. १८५० साली लायडिग आणि १८६५ साली सेर्तोली यांनी तिथल्या दोन वेगळ्या पेशींचे वर्णन केले होते. लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तयार करतात; दाढीमिशा, आवाज, कामेच्छा ही त्याची कामे. सेर्तोली पेशी वाढत्या शुक्रजंतूंना सांभाळतात, पोसतात. एकाच अवयवात ही दोन खाती शेजारी शेजारी चालतात, आणि एक बंद पडले तरी दुसरे चालू राहू शकते. पुरुषत्व आणि प्रजननक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी का आहेत, याचे उत्तर या रचनेत आहे.

शुक्रजंतूंचे खाते नाजूक आहे. ते शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंड जागेत चालते. म्हणूनच वृषण पोटाबाहेर असतात. शिकागोच्या कार्ल मूरने १९२०च्या दशकात मेंढ्यांच्या वृषणाभोवती उबदार आवरण बांधले, तेव्हा शुक्रजंतूंची निर्मिती ढासळली. बालपणी वृषण खाली न उतरणे, वयात आल्यावर झालेल्या गालगुंडाची सूज वृषणापर्यंत जाणे, वृषणाच्या शिरा फुगणे, ही कारणे एकेक करून यादीत आली. एक शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, हे १९६०च्या दशकात कळले. आज आलेल्या कडक तापाचा परिणाम त्यामुळे दोन-अडीच महिने रेंगाळतो, आणि एका तपासणीवरून निकाल देऊ नये म्हणतात तो त्यामुळेच.

कारणांच्या या यादीत एक कारण असे आहे की ते डॉक्टरांना नव्हे तर कामगारांना आधी कळले. कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथे ऑक्सिडेंटल कंपनीचा शेतीरसायनांचा कारखाना होता. तिथे डायब्रोमोक्लोरोप्रोपेन, थोडक्यात डीबीसीपी, हे औषध बनत असे. पिकांच्या मुळांना लागणारे सूत्रकृमी मारण्यासाठी ते जमिनीत सोडत. १९७७ साली तिथल्या कामगारांच्या आपसातल्या बोलण्यात आले की आपल्यापैकी बऱ्याच जणांना अलीकडे मूलच झालेले नाही. एकेका घरात ही गोष्ट खाजगी होती. एका खात्यातल्या सगळ्यांनी ती बोलून दाखवली, तेव्हा तिचा आकार दिसला. काही जणांनी वीर्य तपासून घेतले, निकाल वाईट आले, आणि डोनाल्ड व्हॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पद्धतशीर तपासणी केली. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. नसबंदी न झालेल्या २५ पुरुषांपैकी १४ जणांत शुक्रजंतू एक तर नव्हते किंवा फार थोडे होते. ज्यांची संख्या दहा लाखांच्या खाली होती ते सर्व किमान तीन वर्षे या कामावर होते. ज्यांची चार कोटींच्या वर होती ते तीन महिन्यांहून कमी.

त्यांच्या रक्ताचा अहवाल मुद्दाम पाहण्यासारखा आहे. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होते. म्हणजे लायडिगचे खाते चालू होते, आणि म्हणूनच इतकी वर्षे कुणाला शंका आली नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे एफएसएच हे संप्रेरक मात्र वाढले होते. सेर्तोली पेशींकडून ‘काम ठीक चालले आहे’ असा निरोप येईनासा झाला, की ही ग्रंथी अधिकाधिक हुकूम सोडत राहते. हुकूम वाढलेले, उत्पादन शून्य, यावरून बिघाड वाटेत नसून मूळ कारखान्यातच आहे हे ओळखता येते.

सर्वांत दुखणारी गोष्ट पुढेच आहे. डीबीसीपीने उंदीर, ससे आणि गिनीपिग यांचे वृषण आक्रसतात, हे १९६१ सालीच छापून आले होते, आणि ते संशोधन हे रसायन बनवणाऱ्या डाऊ आणि शेल या कंपन्यांसाठीच झाले होते. सोळा वर्षे ते कपाटात राहिले. प्रकरण उघड झाल्यावर अमेरिकेतील पीच उत्पादकांच्या एका संघटनेने सरकारला लिहिले की ज्यांना नाहीतरी मुले नको आहेत अशांना हे काम द्यावे! १९७९ साली अमेरिकेत बहुतेक वापरांवर बंदी आली. हवाईच्या अननसांना १९८५ पर्यंत सूट मिळाली. मध्य अमेरिकेतील केळीच्या मळ्यांतही हे औषध गेले होते. कोस्टारिकाच्या शेकडो मजुरांना त्यापायी मूल झाले नाही. त्यांपैकी ८२ जणांनी आपल्या पत्नींसह टेक्सासमध्ये दावा लावला, आणि तो तिथे चालवता येईल असे टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली ठरवले. काम सोडल्यावर काही पुरुषांत शुक्रजंतू परत आले. ज्यांच्या वृषणातील मूळ बीजपेशीच मेल्या होत्या त्यांच्यात आले नाहीत.

जगभर शुक्रजंतूंची संख्या घटत असल्याचे वृत्त आपण वाचतो, त्यामागे रसायनांविषयीची हीच धास्ती आहे. १९९२ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी आणि २०२२ साली लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी जुन्या-नव्या अहवालांची बेरीज करून अशी घट मांडली. दुसऱ्या पाहणीत १९७३ ते २०१८ या काळात सरासरी दर मिलिलिटरला सुमारे दहा कोटींवरून पाच कोटींवर आलेली दिसते. मोजण्याच्या पद्धती बदलल्या, नमुने देणारे लोकही सारखे नव्हते, असा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. आमच्या मते घट झाली असावी. पण तिचे खापर एकाच रसायनावर फोडण्याइतका पुरावा नाही. लॅथ्रॉपसारखा स्वच्छ पुरावा फार थोड्या ठिकाणी मिळतो.

वंशपरंपरेने येणारी कारणे यानंतरची. १९७६ साली इटलीतील तिएपोलो आणि झुफार्दी यांनी ११७० पुरुषांची गुणसूत्रे पाहिली. त्यांपैकी सहा जणांत वाय गुणसूत्राच्या लांब भुजेचा टोकाकडचा भाग तुटलेला होता, आणि त्या सहांच्याही वीर्यात शुक्रजंतू नव्हते. १९९६ पर्यंत त्या भागात शुक्रजंतूनिर्मितीला लागणारे तीन पट्टे ओळखले गेले. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील संशोधकांनी २००३ साली शुक्रजंतू नसलेल्या ३४० भारतीय पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली; २९ जणांत यांपैकी काही भाग गळालेला आढळला.

उपचारही याच सुमारास बदलले. परीक्षानळीतील गर्भधारणा मुळात बीजवाहिन्या बंद असलेल्या स्त्रियांसाठी होती. १९७८ साली इंग्लंडमध्ये आणि ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून, अशी मुले जन्मली. पण त्या पद्धतीत एका बीजांडाभोवती हजारो शुक्रजंतू सोडावे लागत. १९९२ साली ब्रुसेल्सच्या पालेर्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच शुक्रजंतू सुईने थेट बीजांडात टोचून झालेल्या गर्भधारणा जाहीर केल्या. आता वीर्यात काहीच नसले तरी वृषणातून एखादा शुक्रजंतू मिळवला की काम भागू शकते. वाय गुणसूत्राचा काही भाग गळालेल्या पुरुषालाही अशा रीतीने मूल होऊ शकते. मुलगी झाली तर तिच्याकडे ते गुणसूत्र जातच नाही. मुलगा झाला तर ते गळालेल्या भागासकट जाते, आणि पंचवीस-तीस वर्षांनी तोही बहुधा याच दारात येतो. एरवी बापाबरोबर संपले असते असे वंध्यत्व आता वारशाने मिळू लागले आहे. म्हणून उपचारापूर्वी ही तपासणी करून जोडप्याला सारे समजावून सांगण्याची पद्धत आहे.

या उपचारात पतीला द्यावा लागतो तो नमुना, किंवा फार तर वृषणातून घेतलेला तुकडा. पत्नी निरोगी असली तरी बीजांडे तिचीच काढायची असतात. त्यासाठी दहा-बारा दिवस रोज संप्रेरकाची इंजेक्शने, मधूनमधून रक्ततपासणी आणि सोनोग्राफी, मग भूल देऊन सुईने बीजांडे काढणे, आणि गर्भ रुजला नाही तर पुन्हा सारे पहिल्यापासून.